बशीतला किडा

गुरुवारी न्यामिसिंगाच्या बाजारात सगळ्यात दाट गर्दी कुठे, तर माझ्या टपरीसमोरच्या फणसाखाली. एरवी माणसं माझ्याकडे तोंड करून उभी असतात. बकऱ्याच्या मुंडीचा रस्सा या डोंगराच्या पायथ्याला माझ्यासारखा कुणी करत नाही, हे मी नाही, माझी रिकामी पातेली सांगतात. पण गुरुवारी सगळा बाजार माझ्याकडे पाठ करायचा. सुकी मासळी विकणारी बाई मासळी माश्यांच्या हवाली करून यायची. मोटरसायकलवाले गिऱ्हाईक सोडून सीटवर उभे राहायचे. डोक्यावर केळ्यांचा घड तसाच ठेवून बाया टाचा उंच करायच्या. मध्ये एक तिपाई, तिपाईवर एक आजी, आजीच्या गुडघ्यांत डोकं दाबलेलं पाच-सहा महिन्यांचं पोर, आणि पोराच्या तोंडात डॉक्टर अपूलीची दोन बोटं.

डॉक्टर तो कुठल्या शाळेतून झाला हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. पांढरा कोट त्याने जुन्या कपड्यांच्या गठ्ठ्यातून उचललेला. खिशावर लाल दोऱ्याने दुसऱ्याच कुणाचं तरी नाव शिवलेलं. हत्यार म्हणजे सायकलच्या चाकाची तार, दगडावर घासून टोक काढलेली. जीभ मात्र अशी की तारेची गरजच पडू नये.

तो गर्दीला विचारायचा, पोराला हगवण कुठून लागते? पोटातून, असं कुणीतरी म्हणायचंच, म्हणजे तो हसायचा. पोट बिचारं खालच्या घरात राहतं, त्याचा काय दोष. वरच्या घरात, हिरडीत, किडा बिऱ्हाड करून बसलाय. तो थुंकतो, थुंकी खाली उतरते, पोट वाहायला लागतं. दवाखान्यातली माणसं पोटाला औषध पाजतात. छप्पर गळतंय आणि ही शहाणी जमीन पुसतायत. बाया माना हलवायच्या. आमच्यातल्या कुणाचं छप्पर गळत नाही?

मग तार आत जायची. पोर असं किंचाळायचं की फणसावरचे कावळे उडायचे. अपूली रक्तातून काहीतरी उचलायचा, हिरव्या पाल्याचं पाणी असलेल्या बशीत टाकायचा आणि बशी लोकांच्या नाकासमोरून फिरवायचा. आत पांढरं, नखाएवढं, लिबलिबीत. हलतोय बघा, हलतोय, जिवंत आहे. बाया तोंडावर हात ठेवायच्या. पुरुष हसायचे, पण मागे सरकायचे.

त्याचे नियम तीन. पोराच्या आईने तिपाईवर बसायचं नाही, तिचा हात ढिला पडतो, आजीने बसायचं. किड्याला उघडा हात लावायचा नाही, नाहीतर तो त्या घरच्या पुढच्या पोरात शिरतो. आणि ऊन उतरायच्या आत त्याने स्वतः तो फणसाच्या मुळाशी पुरायचा. म्हणजे किडा बघायला सगळा गाव, हातात घ्यायला कुणी नाही. त्यातली हुशारी मला समजायला सव्वीस वर्षं लागली.

एवढ्यावर कुणाच्या चेहऱ्यावर शंका दिसली की अपूली मान उंचावून रस्त्यापलीकडे हाक मारायचा, "विश्वास नसेल तर अब्वूलीला विचारा."

ती अब्वूली म्हणजे मी. नाव न्यामाहुंगे, पण आमच्यात प्रत्येकाला मानाचं आणि लाडाचं एक जोडनाव असतं, हाक त्यानेच मारायची. मी झाऱ्याने पातेलं ढवळता ढवळता सांगायची, हो, माझ्या रुसोकेचा किडा यांनीच काढला. मग रुसोके, माझा सव्वीस वर्षांचा घोडा, लाकडं फोडायची थांबवून हसून दाखवायचा. त्याच्या वरच्या आणि खालच्या रांगेत दोन्ही बाजूंना खिडक्या आहेत. सुळे आलेच नाहीत कधी. अपूली त्या खिडक्यांकडे बोट दाखवून म्हणायचा, बघा, किड्याची बसायची जागा, गेला तो परत आला नाही. लोक वाहवा करायचे. रुसोके एरवी हसताना तोंडावर हात धरतो, हे तेवढं कुणाच्या लक्षात यायचं नाही.

आता जे सांगायचं ते सांगून टाकते. रुसोकेच्या पाठची मला एक मुलगी होती. कबाहुमा. पाच महिन्यांची असताना तिला हगवण लागली, आणि मी तिला त्याच तिपाईवर, माझ्याच गुडघ्यांत धरलं, कारण माझी सासू तेव्हा हयात नव्हती. त्यानंतर नवव्या दिवशी ती गेली. अपूली घरी आला, चटईवर बसला, डोळे पुसले आणि म्हणाला, अब्वूली, दोन दिवस आधी आणली असती तर. किडा पोटात उतरला होता.

दोन दिवस आधी. ते दोन दिवस मी घराच्या उंबऱ्यापासून टपरीपर्यंत रोज वागवले. आणि दुसऱ्या कुणाला ते वागवायला लागू नयेत म्हणून बाजारातल्या प्रत्येक लेकुरवाळीला बजावत राहिले, पोराला हगवण लागली की वाट बघू नको, उशीर करू नको. माझा शब्द इथे चालतो. किती पोरं माझ्या शब्दावर त्या तिपाईवर गेली, ती मी मोजली नव्हती.

मग आमच्या घरात बासेमेरा आली, रुसोकेची पहिली मुलगी. सहाव्या महिन्यात रांगायला लागली, चुलीपासच्या मातीपासून कोंबडीच्या पिसापर्यंत सापडेल ते तोंडात. त्याच सुमाराला मी तिला नाचणीची पेज सुरू केली. हिरड्या सुजल्या, लाळ गळायला लागली आणि एका शनिवारी हगवण लागली.

माझी सून कोबुसिंगे सातवीपर्यंत शिकलेली. ती सातवी ती कधी बोलून दाखवत नाही, म्हणून तिचा जास्त राग येतो. मी म्हटलं गुरुवारी अपूलीकडे. ती म्हणाली, गुरुवारला अजून पाच दिवस आहेत, तोवर दवाखान्यात दाखवते. नाही म्हणायला मला जागा ठेवली नाही. मी सोबत गेले, ते तिथल्या लोकांची फजिती बघायला.

मंगळवारी तिथे दातांची सिस्टर येते, केमिरेम्बे नावाची. काडीसारखी बारीक, पण नजर खाटकाची. तिने बासेमेराला मीठ-साखरेचं पाणी चमच्याचमच्याने पाजायला लावलं, जस्ताच्या गोळ्या दिल्या, अंगावरचं दूध तोडू नका म्हणाली, पेजेचं पाणी उकळा म्हणाली. मग हिरडीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, सूज दात येण्याची आहे. आम्हाला सोडायला आलेला रुसोके दारात उभा होता. त्याला तिने तोंड उघडायला लावलं. बराच वेळ आत बघत राहिली. मग मला म्हणाली, "अब्वूली, बशीत तुम्ही बघता तो किडा नसतो. न उगवलेला दात असतो."

मी म्हटलं, दात कडक असतो बाई, ते लिबलिबीत असतं, मी डोळ्यांनी बघितलंय. ती म्हणाली, मक्याचं कणीस दुधात असताना दाणा दाबून बघितलाय ना, तसंच. वर टोकाला कुठे घट्ट व्हायला लागलेलं, खाली सगळं दूध. आणि तार फिरते तेव्हा त्याच्या खालचा मोठेपणीचा दातही खरवडला जातो. तुमच्या मुलाच्या खिडक्या त्याच्याच.

मग रुसोके बरा कसा झाला, मी विचारलं. तिने वही काढली. मी म्हटलं, आकडे दाखवू नकोस, माझी शाळा दुसरीत संपली. तेव्हा ती उठली, दवाखान्याच्या स्वयंपाकातून मूठभर राजमा घेऊन आली आणि ओसरीवर दाण्यांच्या दोन रांगा मांडल्या, बारा आणि बारा. एक दाणा म्हणजे दहा पोरं. दोन पावसाळे तिने दारात आलेल्या प्रत्येक आईला विचारून लिहून घेतलं होतं. ही रांग हिरडी खणून आणलेल्यांची, ही न खणता आणलेल्यांची. सगळ्यांना हगवण, सगळ्यांना तेच पाणी, त्याच गोळ्या. आठवड्यात बरी झाली तेवढी उचला, म्हणाली. ती सांगत गेली, मी उचलत गेले. न खणलेल्या रांगेतले अकरा उचलले, एक उरला. खणलेल्या रांगेतले आठच उचलता आले. उरलेले चार म्हणजे पू, ताप, रक्त जाऊन पांढरी पडलेली. त्या चारांतला एक दाणा तिने बोटाने बाजूला सरकवला. तो कशाचा, हे मी विचारलं नाही.

पण मी काही अशी गप्प बसणारी नाही. म्हटलं, खणायला नेतात ती पोरं आधीच जास्त आजारी असणार, म्हणून मागे पडली. तारेवर कशाला ढकलतेस? केमिरेम्बेने माझ्याकडे असं बघितलं जसं मी तिला काही भेट दिलीय. म्हणाली, हाच प्रश्न विचारायचा असतो. म्हणून तिने दोन्हीकडची तितकेच दिवस आजारी असलेली, तितकीच सुकलेली पोरं तेवढी धरली होती. आणि तिची एकटीची वही नव्हती. दुसऱ्या जिल्ह्यांत, सीमेपलीकडच्या देशांतही लोकांनी मोजून बघितलं होतं, खणलेली रांग कुठेच पुढे गेली नव्हती. मग शांतपणे म्हणाली, "हगवणीतून बहुतेक पोरं तशीही उठतात, अब्वूली. उठलेली बाजारात हसून दाखवतात. न उठलेली बाजारात येत नाहीत."

मी दाणे तिथेच टाकून उठले. म्हटलं, दाणे काय, मांडशील तसे मांडले जातात. रस्ताभर सुनेच्या पुढे पुढे चालत राहिले.

राग तिचा नव्हता, त्या सिस्टरचाही नव्हता. माझ्याभोवती कुणीतरी कुंपण घालत आणल्यासारखं झालं होतं. अपूली खरा असेल तर बासेमेराच्या हिरडीत किडा बसलाय आणि मी पुन्हा दिवस घालवतेय. केमिरेम्बे खरी असेल तर कबाहुमाला उशीर झालाच नव्हता. तिला मी अगदी वेळेवर नेलं होतं, तारेखाली. पहिल्या बाजूला नात जाणार, दुसऱ्या बाजूला मुलगी पुन्हा एकदा जाणार, आणि या खेपेला माझ्या हातून. कुठल्याही बाजूला पाय टाकायला जागा नव्हती. म्हणून मी जुन्या जागीच उभी राहिले. माणूस असाच उभा राहतो आणि त्याला विश्वास म्हणतो.

बुधवारी बासेमेराची हगवण जरा कमी झाली, पण ती गप्प होती. रडली असती तर बरं वाटलं असतं. शेजारणी येऊन बसल्या. माझा दीर आला. प्रत्येकाच्या तोंडात माझाच शब्द: अब्वूली, तूच सांगतेस ना उशीर करू नको म्हणून, आणि आपल्या नातीच्या वेळी दवाखान्यात हिंडतेस? इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या दारात जे पेरलं ते सगळं एका दुपारी माझ्या अंगणात उगवलं.

गुरुवारी सकाळी मुंड्या साफ करून झाल्यावर मी हात धुतले आणि सुनेच्या मांडीवरून बाळ उचललं. ती रडली नाही, ओरडली नाही. दारात उभी राहून एवढंच म्हणाली, "तुम्ही ते एकदा तरी हातात घेऊन बघितलंय का?"

नियम आहे, मी म्हटलं.

"कुणाचा?"

मी बाहेर पडले. ती चार पावलं मागे ठेवून येत राहिली.

फणसाखाली मला वाट करून दिली गेली. अपूलीने दोन्ही हात पसरले. आज आपली साक्षीदारच आलीय, म्हणाला, आता कुणाला काही विचारायची गरज नाही. माझ्या आधी एक पोर होतं, त्याचं झालं होतं, त्याची आजी त्याला छातीशी धरून हुंदके देत होती आणि तिचा पदर लाल झाला होता. मला तिपाईवर बसवलं. बासेमेराचं डोकं मी गुडघ्यांत घेतलं. मागून गर्दी इतकी रेटत होती की कुणाचं तरी पोट माझ्या पाठीला लागलं होतं. पुढे अपूलीचे गुडघे. उठायचं म्हटलं तरी जागा नव्हती, आणि उठले असते तर कोण उठलं हे सगळ्यांनी बघितलं असतं. गुरुवारची अब्वूली. कोबुसिंगे कुठे आहे ते दिसत नव्हतं. बाळाच्या टाळूवरची नस माझ्या मांडीला लागत होती, टुकटुक.

सव्वीस वर्षं मी बशी रस्त्यापलीकडून बघितली होती. कबाहुमाच्या वेळी डोळे मिटून घेतले होते. आज पहिल्यांदा ती माझ्या नाकाच्या उंचीला आली. आधीच्या पोराचं त्यात होतं. अपूलीचा हात पाण्यात होडी हलावी तसा हलत होता, आणि किडा हलत होता. पांढरा, खाली लिबलिबीत, आणि वर एक लहानशी टोकदार टोपी. टोपी चमकत होती.

ती टोपी माझ्या ओळखीची होती.

मी रोज सहा-सात मुंड्या फोडते. कोवळ्या करडाचा जबडा उभा चिरला की शेवटच्या दाढेच्या मागे हाडात एक खोबण लागते, आणि त्या खोबणीत ओल्या पिशवीत गुंडाळलेलं पांढरं काहीतरी असतं. रश्शात ते वाईट दिसतं म्हणून मी सुरीच्या टोकाने उडवते आणि कुत्र्याकडे फेकते. त्या सकाळीही फेकलं होतं. इतक्या वर्षांत हाताने हजारदा धरलं आणि डोक्याने एकदाही विचारलं नाही की हे काय आहे.

अपूलीचा अंगठा बासेमेराच्या ओठांवर आला. मी माझा तळहात तिच्या तोंडावर ठेवला.

तो हसला. लोकांना म्हणाला, आजीचा हातही थरथरतो कधीकधी. मी म्हटलं, "बशी खाली ठेव." इतकी वर्षं मी त्याला अहो-जाहो करत होते.

खाली ठेवायचा नियम नाही, म्हणाला. मी म्हटलं, हातात घ्यायचा नियम नाही हे ऐकलंय, जमिनीवर ठेवायचा नाही हे आजच ऐकतेय. गर्दीत कुणीतरी हसलं. मासळीवाली म्हणाली, ठेवा की, जिवंत आहे तर जमिनीवर पळेल. त्याला ठेवावी लागली. पाल्याचं पाणी दोन हेलकावे खाऊन थांबलं. किडाही थांबला. आम्ही बघत राहिलो. एक माशी येऊन त्याच्या टोपीवर बसली, तरी तो हलला नाही.

मेला, अपूली म्हणाला, बाहेरच्या हवेने मरतो.

मी मान वळवून रुसोकेला हाक मारली, फळ्यावरच्या न फोडलेल्या मुंड्या आणि माझा कोयता घेऊन ये म्हटलं. वाट मिळेना तेव्हा मुंड्यांची पाटी लोकांच्या डोक्यांवरून हातोहात आली. कोबुसिंगे कुठून तरी पुढे घुसली आणि तिने बाळ माझ्या मांडीवरून उचललं. मी तिला ते उचलू दिलं. मग उठून तिपाईच मी पुढे ओढली, तिच्यावर पहिला जबडा ठेवला आणि घाव घातला.

खोबण उघडली. बोटाने ती पिशवी बाहेर काढली, सगळ्यांसमोर, उघड्या हाताने, आणि तळहातावर ठेवली. खाली लिबलिबीत, वर चमकणारी टोपी. बकऱ्याच्या टोपीला टोकं जास्त असतात, बाळाच्या टोपीला एकच, एवढाच फरक, जात एक. मासळीवालीने वाकून दोन्हीकडे बघितलं, बशीत आणि माझ्या हातात, आणि म्हणाली, हे तर बियाणं आहे.

अपूली पटकन सावरला. हगवण बकऱ्यालाही लागते, म्हणाला, त्यालाही किडा होता. मी विचारलं, हे करडू कुणी विकलं? पाठीमागून एक गुराखी म्हणाला, मी, पहाटे माझ्या हाताला ओढत आलं, लेंड्या काळ्या मण्यांसारख्या. मी दुसरा जबडा फोडला. त्यात होतं. तिसरा फोडला. त्यात होतं. म्हातारा बोकड फोडला, त्यात नव्हतं. तिथे ऐटीत शेवटची दाढ उभी होती. मी म्हटलं, किडा गेला कुठे, बघा आता. उगवून वर आलाय आणि चारा चावतोय.

आधीच्या पोराची आजी बशीकडे बघत होती.

तेव्हा अपूलीने शेवटची तार काढली. आवाज अगदी खाली आणला, चटईवर बसून डोळे पुसताना आणला होता तसा. "अब्वूली," तो म्हणाला, "तुझी कबाहुमा उशीर झाल्यामुळे गेली. आता नातीलाही उशीर कर."

त्याला माझी जागा नेमकी माहीत होती. इतकी वर्षं त्याने मला त्याच खुंटीला बांधून ठेवलं होतं, आणि दोरी मीच रोज सकाळी घट्ट करत होते. मला वाटलं, गप्प बसावं. दात की किडा, हे लोकांनी आपापलं ठरवावं. माझी मुलगी उशीर झाल्यामुळेच गेली, असंच राहू दे. उशीर होणं सोसतं. दुसरं सोसत नाही.

रुसोके माझ्या शेजारी उभा होता. तोंडावर हात धरून.

मी म्हटलं, "तिला उशीर झाला नव्हता. मी तिला तिसऱ्याच दिवशी आणलं होतं. तू तिच्या हिरडीत चार भोकं पाडलीस आणि डोकं मी धरलं होतं. नऊ दिवस तिला दूध ओढता आलं नाही, कारण तोंडात जखम होती. ती कशाने गेली हे मला आजपर्यंत सांगता येत नव्हतं. आता येतं." मग लोकांकडे वळले. म्हटलं, माझ्या शब्दावर ज्यांनी ज्यांनी पोरं आणली, त्यातली जी उरली नाहीत त्यांच्या आयांनी मला विचारायला यावं. मी टपरीवर असते.

मग एक बाई, जिला मी सात-आठ वर्षांपूर्वी स्वतः हाताला धरून या झाडाखाली आणलं होतं, पुढे आली, माझ्या तळहातावरचं ते बियाणं आपल्या हातात घेतलं आणि बराच वेळ बघत राहिली. तिने ते बशीतल्या दाताशेजारी ठेवलं आणि गेली. ती पुन्हा माझ्याकडे रस्सा प्यायला आलेली नाही. यावी असं माझं म्हणणंही नाही.

अपूलीला कुणी मारलं नाही. त्याने बशी ओतली, कोट काढून पिशवीत कोंबला आणि मोटरसायकलवर बसून गेला. ऐकते की डोंगरापलीकडच्या बाजारात तो शनिवारी बसतो. तिथे माझं नाव अजून सांगतो म्हणे. म्हणून तर हे लिहून काढतेय; अक्षर वाकडं आहे, जिथे अडलं तिथे सुनेने सांगितलं.

बासेमेराला हगवण आणखी चार दिवस होती. चार दिवस आम्ही चमच्याने पाणी पाजलं, कधी मी, कधी कोबुसिंगे. पाचव्या दिवशी तिने माझी माळ ओढून तोडली, तेव्हा कळलं की आता बरं आहे. आणि वर्ष उलटल्यावर, एका गुरुवारी, मी तिला मऊ शिजलेलं मांस भरवत होते तेव्हा कचकन माझं बोट चावलं. रक्त आलं. तोंडात बोट घालून बघितलं तर खालच्या हिरडीत, उजव्या बाजूला, टोकदार, चमकणारी टोपी. तिच्या बापाच्या तोंडात तिथे खिडकी आहे.

मी शिकलेली नाही, तेव्हा मोठं काही सांगत नाही. पण पोराच्या अंगावर कुणी हत्यार धरलं, तर आधी त्याने काढलेली वस्तू आपल्या हातात मागा, आणि हातात द्यायला तो नाही म्हणाला तर पोर उचलून घरी या. बरी झालेली पोरं तो दाखवेल. त्याला विचारा, किती नेली होती, आणि न झालेली कुठे आहेत. आणि तुमच्या घरात माझ्यासारखी कुणी असेल, जिचा शब्द चालतो आणि जी म्हणते उशीर करू नको, तर तिलाही विचारा की तुला हे कुणी सांगितलं. ती चिडेल. मी चिडले होते. तरी विचारा.